नागपुरात घरी केफिर लावायचंय? मग आधी टेंपरेचरचं बघा

केफिर म्हणजे जिवंत दाणे घालून आंबवलेलं, दह्यासारखं पण पिता येईल असं दूध. ते लावायला दूध, काचेची बरणी, गाळणी आणि केफिरचे दाणे एवढंच लागतं. बाकी सगळा खेळ टेंपरेचरचा आहे आणि तिथेच आपलं नागपूर आडवं येतं, कारण युट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ सांगतात 'रूम टेंपरेचरला २४ तास ठेवा', आणि त्यांची रूम असते २०-२२ डिग्रीची, आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही खोली ३० च्या खाली यायला तयार नसते. म्हणून आधीच सांगून ठेवते, जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुरू करा. हात बसतो, दाणे तगडे होतात, मग उन्हाळा आला तरी निभावता येतं. एप्रिलमधे सुरू करून दोनदा दूध फाटलं की लोक बरणी धुऊन माळ्यावर टाकतात, त्यात केफिरचा काही दोष नसतो.

दुसरं म्हणजे दह्याची सवय डोक्यातून काढा. दही लावताना आपण दूध कोमट करतो, विरजण घालतो, थंडीत तर भांडं शालीत गुंडाळून ठेवतो, कारण दह्याच्या बॅक्टेरियाला ४० डिग्रीच्या आसपासची ऊब आवडते. केफिरचं उलटं. हे मूळचं कॉकेशस पर्वताच्या भागातलं, तिथे लोक चामड्याच्या पिशव्यांत दूध आंबवायचे, आणि या दाण्यांमधे जे बॅक्टेरिया अन् यीस्ट एकत्र राहतात त्यांना २० ते २५ डिग्री मानवते. त्यामुळे कोमट दूध नकोच, पूर्ण गार पाहिजे, भांड्याला बाहेरून हात लावला तर जराही ऊब लागायला नको. गरम दुधात दाणे टाकले की संपलं. आणि मेलेले दाणे दिसायला चांगलेच दिसतात, त्यामुळे तुम्ही आज होईल उद्या होईल करत वाट बघत बसता.

दाणे कसे असतात? पांढरट-पिवळट, फुलकोबीच्या बारक्या तुऱ्यांसारखे, काही मोठे काही अगदी चुरा. बोटात दाबले की दबतात आणि परत जागेवर येतात. वरून बुळबुळीत लागतात, आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार की हे सडून राहिलं, फेका. नका फेकू. तो चिकटपणा केफिरान नावाच्या पदार्थाचा असतो, तो दाण्यातले बॅक्टेरियाच बनवतात. आणि स्वच्छ करतो म्हणून नळाखाली धरू नका, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. धुवायची तशी गरजच नसते, फारच वाटलं तर थोड्या दुधात खळखळून घ्या.

मिळवायचे कुठून? ज्याच्याकडे चालू आहेत त्याच्याकडून ताजे घेतले तर सगळ्यात बेस्ट, कारण ते इथल्याच हवेत अन् इथल्याच दुधात वाढलेले असतात. दाणे वाढतच राहतात त्यामुळे केफिरवाले लोक द्यायला तयारच असतात. ऑनलाईन मागवायचे असतील तर थंडीत मागवा, उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत पार्सल कसं तापतं ते काय सांगायचं. ऑनलाईन तीन वस्तू दिसतील त्यात गोंधळू नका. एक, जिवंत ओले दाणे. दोन, वाळवलेले दाणे, हे चालतात फक्त जागे व्हायला वेळ घेतात. तीन, पावडरचं स्टार्टर, याने केफिर होतं पण त्यातून पुढे थोड्याच वेळा लावता येतं, मग जोर जातो, दाणे काही तयार होत नाहीत. शिवाय वॉटर केफिर म्हणून एक वेगळाच प्रकार आहे, त्याचे दाणे पारदर्शक असतात आणि ते साखरेच्या पाण्यात वाढतात, ते दुधासाठी घेऊ नका.

वाळवलेले दाणे आले तर एक वाटी गार दुधात टाका, २४ तासांनी गाळा, दूध बदला, परत तेच. साधारण ३ ते ७ दिवस लागतात. सुरुवातीचं दूध प्यायचं नाही, वास विचित्र येतो, ते झाडाला वगैरे घाला. दूध घट्ट होऊन स्वच्छ आंबूस वास आला की समजायचं गाडी रुळावर आली. ओले दाणे प्रवास करून आले असतील तर त्यांनाही दोन-तीन खेपा द्या, पहिल्याच दिवशी निकाल लावू नका.

दूध कोणतं? गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, टेट्रापॅकचं, सगळ्यात होतं. गवळ्याचं कच्चं दूध असेल तर उकळून पूर्ण गार करून मगच वापरा. पिशवीचं पाश्चराइज्ड असतं, न उकळता चालतं, पण उकळून फ्रिजमधे ठेवायची सवय असेल तर तेही चालतं. फक्त साय काढून टाका हो! म्हशीच्या दुधाची जाड साय दाण्यांना अशी चिकटते की गाळताना दाणा कोणता अन् साय कोणती हे शोधण्यात अर्धा तास जातो. म्हशीच्या दुधाचं केफिर मस्त घट्ट होतं, टोन्ड दुधाचं पातळ, ते ज्याच्या त्याच्या आवडीवर.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. बरणी काचेची, लोणच्याची जुनी असेल तर मसाल्याचा वास पूर्ण गेलेला पाहिजे. गाळणी प्लास्टिकची किंवा स्टीलची चालते, स्टीलला लोक उगाच घाबरतात. तांबं, पितळ आणि जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भांडं मात्र बिलकुल नाही, आंबटाने ते खराब होतं आणि दाण्यांनाही बरं नाही. बरणीच्या तोंडावर सुती कापड आणि रबरबँड, किंवा झाकण नुसतं टेकवून, घट्ट लावायचं नाही कारण आत गॅस तयार होतो. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवायची, हे सांगायला नको.

आता लावायचं कसं. सुरुवातीला एक चहाचा चमचा दाणे आणि एक वाटी दूध, बस. लोक उत्साहात अर्धा लिटर लावतात आणि मग रोजचं एवढं केफिर कोणी प्यायचं यावरून घरात वाद. बरणी वरून तीन-चार बोटं रिकामी ठेवा, ओट्यावर ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. मधे एक-दोनदा हलकं हलवलं तर सगळीकडे सारखं आंबतं.

झालं की नाही हे घड्याळ बघून ठरवू नका, बरणी बघा. दाणे वर तरंगतात आणि त्यांच्याभोवती दूध आधी घट्ट होतं. बरणी थोडी तिरपी करा, दूध पाण्यासारखं सरकन वाहिलं तर अजून वेळ आहे, सगळं एकसंध काचेपासून सुटून हललं तर झालं. थोडं अजून थांबलात तर काचेला लागून मधेमधे पाण्याचे छोटे कप्पे दिसायला लागतात, पिवळसर-हिरवट, ती निवळी. असे एक-दोन कप्पे दिसले की मी गाळते, त्या टप्प्याला आंबटपणा बरोबर असतो. खाली पूर्ण पाणी आणि वर चोथा असं झालं तर जास्त झालं. खराब नाही झालं, फक्त आंबट झालं, ढवळून घ्या, कढीत टाका.

गाळताना चमच्याने दाणे रगडू नका, गाळणी हलवा, हळूच आपटा, घट्ट केफिर आपोआप खाली उतरतं. गाळणीत उरलेले दाणे लगेच नव्या दुधात. बरणी रोज घासायलाच पाहिजे असं नाही पण काठावरचं वाळलेलं पुसून घ्या, बुरशी लागली तर तिथूनच लागते. दह्याचा चमचा दह्याला अन् केफिरचा केफिरला, हे तेवढं पाळा.

आता नागपूरचा उन्हाळा. बाहेर ४५ डिग्री, घरात ३४-३५, अशा वेळी केफिर ६-८ तासात होतं आणि लक्ष गेलं नाही तर दहाव्या तासाला पार फाटलेलं असतं. ३० च्या वर रोजच राहिलं तर दाण्यांचाही तोल जातो, यीस्ट जोर धरतं, वास उग्र येतो. उपाय आहेत. दाणे कमी करा, दूध वाढवा, म्हणजे एक चमचा दाण्यांना अर्धा लिटरपर्यंत. दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या गारेगार वापरा. आणि लावा रात्री झोपताना, सकाळी उठल्या उठल्या गाळा, दुपारच्या भरवशावर काही ठेवू नका. एवढं करून जमत नसेल तर तीन-चार तास बाहेर आणि बाकी वेळ फ्रिजमधे, वेळ लागेल पण चव छान येते.

अजून एक देशी उपाय, बरणीला ओलं सुती फडकं गुंडाळून पाण्याच्या ताटलीत उभी करायची, फडक्याचं खालचं टोक पाण्यात, आणि हे कूलरच्या हवेत ठेवायचं. पाणी उडत राहतं अन् बरणी गार राहते. पण हे एप्रिल-मे मधेच चालतं, जुलैत नाही, ज्या कारणाने कूलर जुलैत चालत नाही त्याच कारणाने, हवाच दमट असते तर पाणी उडणार कसं. नवतपात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) मात्र सरळ दाण्यांना सुट्टी द्या, हे माझं मत. अट्टाहास करून काय मिळतं, रोज फाटलेलं दूध.

पावसाळ्यात टेंपरेचर बरं असतं, साधारण १४ ते १८ तासात होतं, पण चिलटं अन् बुरशी जपा. कापड बारीक विणीचं घ्या, ओलं झालं की बदला. थंडीत रात्री पारा १० च्या आसपास येतो तेव्हा ३० तास, कधी ४८ तासही लागतात, घाबरू नका, दाणे मेलेले नाहीत. बरणी गॅसच्या ओट्याजवळ किंवा फ्रिजच्या मागच्या कोमट बाजूला ठेवा.

गडबड कधी समजायची? गुलाबी, केशरी, हिरवे किंवा काळे डाग, केसाळ बुरशी किंवा सडका वास आला तर दाण्यांसकट सगळं फेका, वरचं काढून खालचं वापरू असं नाही. वर पांढरी पातळ सुरकुतलेली साय आली तर ती बहुतेक यीस्टची असते, दाणे काढून दुधात खळखळून परत लावा आणि टेंपरेचर कमी करा. खमिराचा हलका वास आणि जिभेवर चुणचुण ही नॉर्मल आहे. यीस्टमुळे अगदी थोडं अल्कोहोलही तयार होतं, सहसा एक टक्क्याच्या आतच, पण घरात कोणाला चालत नसेल तर आधी सांगून टाका.

आता आपली खास गोष्ट, संत्र्याची साल. गाळलेल्या केफिरमधे (दाणे काढल्यावर, दाण्यांसोबत नाही) संत्र्याच्या सालीचे दोन-तीन पट्टे टाकून बाटली झाकून थंडीत ८-१० तास, गरमीत दोन-तीन तास ठेवायची आणि मग फ्रिजमधे. आंबटपणा मवाळ होतो अन् वास असा येतो की केफिर न आवडणारेही ग्लास पुढे करतात. साल मीठ-पाण्याने नीट घासून धुवा, आतला पांढरा भाग खरवडून टाका नाहीतर कडू लागतं. बाटली पूर्ण भरू नका आणि उघडताना सिंकवर धरा. थंडीत आंबिया बहाराची संत्री गाड्यांवर येतात तेव्हाच हे करून बघा, म्हणजे तुमची सुरुवात अन् संत्र्याचा सिझन एकत्रच पडतो.

नुसतं पिणं जमत नसेल तर भाजलेलं जिरं, सैंधव मीठ, कोथिंबीर घालून मठ्ठ्यासारखं घ्या. जास्त आंबट झालेल्याची गोळ्यांची कढी मस्त होते, उकळल्यावर जिवंत बॅक्टेरिया मरतात हे खरं पण चव कुठे जाते. सुती कापडात रात्रभर टांगलं तर चक्का निघतो, निवळी कणीक भिजवायला. पहिल्या आठवड्यात पाव वाटीच्या वर जाऊ नका, पोट गुडगुडतं. दुधातलं लॅक्टोज (दुधातली साखर) सोसत नाही अशा बऱ्याच लोकांना केफिर चालतं कारण आंबताना लॅक्टोज कमी होतं, पण दुधाची ॲलर्जी असेल तर हेही नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, कीमो वगैरे चालू असेल तर, किंवा प्रेग्नन्सीत, डॉक्टरला विचारूनच.

लग्नासाठी आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर दाणे दुप्पट ताज्या दुधात टाकून सैल झाकणाने फ्रिजमधे ठेवून जा, दोन आठवडे आरामात निघतात, आल्यावर पहिली खेप जरा ढिली येईल. त्याहून जास्त थांबायचं तर कागदावर पंख्याखाली दोन-तीन दिवस कडक वाळवून दुधाच्या पावडरमधे डबीत घालून फ्रीजरला टाका.

आणि दाणे वाढले की काढत राहा, बरणीत गर्दी झाली तर सगळं लवकर आंबट होतं. कोणाला द्यायचे असतील तर छोट्या डबीत दाणे बुडतील एवढं गार दूध घालून द्या, झाकण सैल, आणि स्कूटीच्या डिक्कीत टाकून दुपारी सीताबर्डीत पार्किंग करून खरेदीला जाऊ नका, आधी दाणे पोचवा मग खरेदी.