एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळासाठी आईचं दूध: कसं काढायचं, कसं टिकवायचं

बाळ ओढून पिण्याइतकं मोठं नसलं तरी दूध काढायला थांबू नका. बाळंतपणानंतर शक्यतो तासाभरात, फार तर सहा तासांत सुरुवात हवी. सिझेरियन असेल तर नर्सच्या मदतीने पडल्या पडल्याही जमतं.

पहिले दोन-तीन दिवस मुख्य भर हाताने काढण्यावर ठेवा. चिकाचं दूध घट्ट आणि थेंबभरच असतं. पंपात ते भांड्यालाच चिकटून राहतं. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घासू नका. थेंब एक मिलीच्या सिरिंजने टिपून घ्या. बाळाला अजून काही पाजत नसले, तरी हेच दूध ०.१ मिली इतकं गालांच्या आतून लावता येतं.

दूध उतरू लागलं की दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप घ्या. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यात रात्री एकदा तरी. इथेच बहुतेकींचं गणित चुकतं: कमी वेळा, पण तासभर बसून काढलं जातं. स्तनात साठून राहिलेलं दूधच पुढची निर्मिती कमी करतं, त्यामुळे वेळा महत्त्वाच्या. दोन आठवड्यांत दिवसाला ५०० ते ७५० मिलीपर्यंत पोहोचायचं असतं. दहाव्या दिवशी ३५० च्या खाली असाल तर लगेच सांगा.

दुखत असेल तर आधी फनेल (पंपाचा स्तनावर बसणारा गाळणीसारखा भाग) तपासा. स्तनाग्र नळीच्या कडांना घासत असेल तर तो लहान, भोवतीचा काळसर भाग बराच आत ओढला जात असेल तर मोठा. ओढ वाढवून दूध वाढत नाही. दुखलं की पान्हा अडतो.

प्रत्येक वेळचं दूध वेगळ्या बाटलीत, नाव-तारीख-वेळ लिहून. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ४८ तास (काही युनिट ९६ पर्यंत चालवतात), उणे २० वर तीन महिने. वितळवलेलं २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह अजिबात नको.

सिरिंज पंपाने (सिरिंज हळूहळू दाबणाऱ्या यंत्राने) बाळाच्या पोटात जाणाऱ्या नळीवाटे दूध सावकाश जात असेल तर सिरिंजचं टोक वरच्या बाजूला आहे ना, ते नर्सला विचारा. साय वर तरंगते. टोक खाली असेल तर ती सिरिंजमध्येच राहते आणि बाळाच्या उष्मांकांना कात्री लागते. दीड किलोच्या आतल्या बाळांना बहुधा दुधात फोर्टिफायरही (दुधाचं पोषण वाढवणारं पूरक) घालतात.

डॉक्टरांनी होकार दिला की बाळाला उघड्या छातीवर घ्या, आणि त्यानंतर लगेच दूध काढा. पान्हा चांगला येतो. बाळ अंगावर ओढू लागलं तरी पंप एकदम बंद करू नका. वजन नीट वाढू लागल्यावर एकेक वेळ कमी करा.