वेग नको, वळण बदला : रेसिंग गेममध्ये स्वतःचा घाट कसा आणावा

रेसिंग गेममध्ये फेरफार करायला बसलेला जवळपास प्रत्येक जण सुरुवात गाडीचा वेग वाढवण्यापासून करतो. आधी दुप्पट, मग चौपट. थोडा वेळ धमाल येते. मग गाडी प्रत्येक वळणावर भिंतीला धडकायला लागते, आणि बंद केलेला गेम पुन्हा उघडावासा वाटत नाही. आर्केड पद्धतीच्या गेमची सगळी गंमत वळणात आहे. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको. पुण्याहून येताना शिरवळपर्यंत डुलक्या काढणारा माणूस खंबाटकी चढायला लागली की सावरून बसतो. त्यामुळे या लेखात वेगाला हात लावायचा नाही. आधी गाडीचा रंग, मग तिचं घसरणं, गुरुत्वाकर्षण, आवाज आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

आर्केड म्हणजे काय, हे थोडक्यात. सिम्युलेशन गेम टायरचं तापमान आणि टाकीतल्या इंधनाचं वजनसुद्धा मोजतो. आर्केड गेमला त्याचं काही पडलेलं नसतं. वळणावर गाडी आडवी घसरवा, वर बक्षीस म्हणून जास्तीचा वेग घ्या, असा त्याचा उलटा न्याय. प्रत्यक्षात यवतेश्वरच्या घाटात असं केलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. कासच्या हंगामात तिथे बाइकवर तसले प्रयोग करणारे दिसतात, त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

गेम कोणता घ्यायचा

शिकायला सुपरटक्सकार्ट घ्या. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही बघता-बदलता येतो), विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर चालतो. मुख्य म्हणजे त्याच्या बऱ्याचशा फाइल्स साध्या मजकुराच्या आहेत, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. गाड्या चालवणारी पात्रंही मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातली: लिनक्सचा पेंग्विन टक्स, ग्नू, चित्रं काढायच्या गिंपचा विल्बर, ओपनबीएसडीचा फुगा मासा पफी. लहान मुलांचा दिसतो म्हणून नाक मुरडू नका. एक्सपर्ट पातळीवर तो चांगलाच घाम काढतो.

रस्ता बांधायचा असेल तर ट्रॅकमेनिया नेशन्स फॉरएव्हर. फ्रान्सच्या नादिओ या स्टुडिओने तो २००८ मध्ये फुकट दिला आणि आजही तो जुन्या लॅपटॉपवर आरामात पळतो. २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड अनेकांच्या मनात घर करून आहे हे मान्य. पण पहिला प्रयोग त्याच्यावर करू नका. का, ते पुढे येईल.

पायरी १ : आधी नीट खेळा

अधिकृत संकेतस्थळावरून सुपरटक्सकार्ट उतरवा, बसवा आणि काहीही न बदलता दोन-चार दिवस खेळा. पुढे बाण, मागे बाण हे कळतंच. बाकीची बटणं अशी: व्ही दाबून धरलं की गाडी घसरते, एन ने नायट्रो (थोड्या वेळापुरता जास्तीचा वेग), स्पेसबारने हातातली वस्तू फेकायची, बी ने मागे बघायचं, बॅकस्पेसने अडकलेली गाडी उचलून रस्त्यावर.

यातलं घसरणं, म्हणजे स्किड, आधी हातात बसवा. वळणात शिरताना व्ही दाबून धरायचं, ठिणग्या दिसेपर्यंत तसंच राहायचं आणि मग सोडायचं. गाडी पुढे झेपावते. जास्त वेळ धरलं तर दुसऱ्या पातळीची मोठी झेप मिळते. हे जमल्याशिवाय फेरफार करण्यात अर्थ नाही, कारण काय बदललं ते तुम्हाला जाणवणारच नाही.

कीबोर्डबद्दल एक सूचना. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं बटण गिळलं जातं. वळताना स्किड लागत नसेल तर दोष बोटांचा नसेलही; सेटिंगमध्ये जाऊन स्किडला शिफ्टसारखं बटण देऊन बघा. साधा गेमपॅड असेल तर उत्तमच. महागडं स्टिअरिंग व्हील घेऊ नका, आर्केड गेममध्ये ते अडचणच करतं.

पायरी २ : अख्ख्या गेमची दुसरी प्रत

बसवलेल्या गेमचा पूर्ण फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर, नाहीतर डेस्कटॉपवर कॉपी करा. फोल्डरला ‘प्रयोग’ असं नाव द्या. यापुढची सगळी मोडतोड या प्रतीत करायची. विंडोजमध्ये प्रोग्राम फाइल्सच्या आत बदल करायला परवानग्या मागितल्या जातात, ती कटकटही त्यामुळे टळते. बिघडलंच तर फाइल मूळ गेममधून परत आणायची.

पायरी ३ : स्वतःची गाडी

‘डेटा’ फोल्डरमध्ये ‘कार्ट्स’ आहे आणि त्यात प्रत्येक गाडीचा वेगळा फोल्डर. आवडीच्या गाडीचा फोल्डर कॉपी करून त्याला इंग्रजीत नवीन नाव द्या. आत ‘कार्ट’ नावाची एक्सएमएल (साध्या मजकुराचीच) फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. वरच्याच ओळींमध्ये ‘नेम’ दिसेल, तिथे गाडीचं नाव बदला. जवळच ‘टाइप’ आहे. तिथे लाइट, मीडियम किंवा हेवी यापैकी एक शब्द असतो. हलकी गाडी चटकन वेग पकडते. जड गाडी उशिरा तापते, पण सरळ रस्त्यावर पुढे जाते आणि धडक बसली तर समोरच्याला ढकलते. एवढा एकच शब्द बदलून, फाइल सेव्ह करून गेम उघडा. त्याच ट्रॅकवर टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी शर्यत, खेळून फरक बघा.

आता रंग. गाडीच्या फोल्डरमधली चित्रं गिंप किंवा क्रितामध्ये उघडतात. त्यांची लांबी-रुंदी बदलू नका, फक्त वर रंगवा. एमएच ११ ची पाटी लावायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि इथे गंमत होते. बऱ्याच गाड्यांच्या दोन्ही बाजूंना चित्राचा एकच तुकडा उलटवून वापरलेला असतो, म्हणून एका बाजूला अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. पाटी मागच्या बाजूला लावा, बाजूंवर पट्टे ओढा. कराडच्या मित्राने एमएच ५० लावली तर शर्यतीला आपोआप रंग चढतो.

पायरी ४ : वळणाचे आकडे

खरा खजिना ‘कार्ट कॅरॅक्टरिस्टिक्स’ या फाइलमध्ये आहे. ती ‘डेटा’ फोल्डरमध्येच मिळेल. इंजिन, वळण, स्किड, नायट्रो, सगळ्यांचे आकडे एकाच ठिकाणी. सुरुवातीला ‘बेस’ नावाचा भाग आहे, तो सगळ्या गाड्यांचा पाया. हलक्या-जड गाड्या आणि सोप्या-अवघड पातळ्या त्याच्यावर आपापला फरक चढवतात.

वेग वाढवून काही साधत नाही त्याचं कारण इथेच सापडतं. पायातला कमाल वेग वाढवला की संगणकाच्या गाड्यांचाही वाढतो. तुम्ही पुढे जात नाहीच, फक्त सगळ्यांनाच ट्रॅक अपुरा पडतो.

त्याऐवजी ‘स्किड’ची ओळ शोधा. तिथे ‘टाइम टिल बोनस’ समोर दोन आकडे आहेत. किती सेकंद घसरल्यावर पहिली झेप मिळणार आणि किती सेकंदांनी दुसरी, याचे ते आकडे. पहिला थोडा कमी केला की छोट्या वळणांवरही बक्षीस मिळायला लागतं आणि नागमोडी ट्रॅक जिवंत होतात. शेजारच्या ‘बोनस स्पीड’ आणि ‘बोनस टाइम’मध्ये झेप किती जोराची आणि किती वेळ टिकणारी, ते ठरतं. माझा सल्ला असा: झेप लवकर मिळू द्या, पण तिचा जोर थोडा कमी करा. म्हणजे लय सलग राहते, एकाच मोठ्या उडीवर निकाल लागत नाही.

भाजीत मीठ घालतो तसं करा: चिमूटभर, आणि चव घेऊन पुढचं. एका वेळी एकच आकडा, दहाव्या हिश्शाहून जास्त नाही. जुना आकडा वहीत लिहून ठेवा. गेममध्ये घोस्ट शर्यतीची सोय आहे, म्हणजे तुमची आधीची फेरी सावलीसारखी सोबत पळते. फेरफारापूर्वीची सावली आणि नंतरचे तुम्ही, अशी तुलना करता येते. घड्याळ एक सांगतं, हात दुसरंच सांगतात. वाद झाला तर हातांचं ऐका, कारण आपल्याला विक्रम करायचा नाही, मजा हवी आहे.

फाइल सेव्ह केल्यावर गेम उघडलाच नाही, तर बहुतेक वेळा एखादं अवतरणचिन्ह पुसलं गेलेलं असतं.

पायरी ५ : गुरुत्वाकर्षण आणि हलगी

‘ट्रॅक्स’मधला एखादा फोल्डर असाच कॉपी करा. त्यातल्या ‘ट्रॅक’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये नाव बदला आणि नावासारखाच ‘ग्रॅव्हिटी’ असा आणखी एक शब्द आणि त्याचा आकडा घाला. तो लिहिलेला नसेल तर गेम पृथ्वीचा ९.८ धरतो. ७ टाका, उड्या लांबतात. चंद्राचा १.६ टाकून एकदा हसून घ्या आणि परत ७ वर या.

संगीतासाठी ओजीजी प्रकारची ध्वनिफाइल लागते. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये कुठलंही रेकॉर्डिंग त्या प्रकारात सेव्ह करता येतं. ट्रॅकच्या फोल्डरमध्ये किंवा ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ‘म्युझिक’ शेपटीची छोटी फाइल असते, तिची नक्कल करून आत आपल्या ध्वनिफाइलचं नाव लिहायचं आणि ट्रॅकच्या फाइलमध्ये त्या नव्या म्युझिक फाइलचं. सिनेमातली गाणी नकोत. पुढे हा ट्रॅक कुणाला द्यायचा झाला तर हक्कांची भानगड होते. गावच्या जत्रेत फोनवर हलगी रेकॉर्ड करा. शेवटच्या फेरीत हलगीचा ठेका चढला की बोटं आपोआप घट्ट होतात.

पायरी ६ : घाट बांधणे

सुपरटक्सकार्टसाठी नवा ट्रॅक करायचा तर ब्लेंडर हा त्रिमितीय आकार घडवायचा प्रोग्राम शिकावा लागतो, आणि ते महिन्यांचं काम आहे. ट्रॅकमेनियात तयार ठोकळे जोडून संध्याकाळभरात रस्ता उभा राहतो. म्हणून घाट तिथे बांधा.

आधी कागद. साताऱ्याहून बामणोलीची एसटी धरा आणि खिडकीत बसून यवतेश्वरपर्यंतची वळणं वहीत उतरवा: डावं, उजवं, आवळलेलं, पसरट, चढ, सपाटी. रॅलीतला सहचालक अशाच टिपणांवरून चालकाला पुढचं वळण ओरडून सांगतो. एसटी नको असेल तर उपग्रह नकाशावरही वळणं मोजता येतात, पण चढ कुठे अंगावर येतो ते नकाशात कळत नाही. वाई-पाचगणीचा पसरणी घाटही छान जमतो. खंबाटकीचा घाट एकाच दिशेच्या वाहतुकीचा असल्याने शर्यतीला साजेसा आहे, पण नवख्याने आधी यवतेश्वर करावा.

मग एडिटर उघडा. आरंभाचा ठोकळा ठेवा, वहीतल्या क्रमाने वळणं आणि चढ जोडत जा, मध्ये चेकपॉइंट, शेवटी फिनिश. प्रत्येक वळण हुबेहूब आणायचा हट्ट धरू नका. घाटात लागोपाठ सारखी वळणं असतात, ती गेममध्ये कंटाळा आणतात. तीनातलं एक ठेवा. आवळलेल्या वळणाआधी थोडा सरळ तुकडा हवाच, नाहीतर ब्रेक लावायला वेळ मिळत नाही. दरीच्या बाजूला कठडा घालायचा की नाही, यावर आमच्याकडच्या पोरांमध्ये कायम दोन तट पडतात. मी बिनकठड्यावाला.

झेंड्याचं बटण दाबून स्वतः गाडी शेवटपर्यंत नेली तरच ट्रॅक वैध ठरतो. तुमच्या वेळेवरून गेम बाकीची पदकं ठरवतो. हा नियम फार चांगला आहे: जो घाट तुम्हालाच पार होत नाही, तो दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही.

मोस्ट वाँटेडवाल्यांसाठी

या गेममध्ये प्रत्येक गाडीचा वेगळा फोल्डर आहे, पण आतल्या फाइल्स नोटपॅडमध्ये वाचता येत नाहीत. नवी गाडी म्हणजे सहसा जुन्या गाडीच्या जागी दुसऱ्याने बनवलेल्या फाइल्स ठेवणं. त्यामुळे तुम्ही शिकता कमी, विश्वास जास्त ठेवता. रुंद पडद्यावर चित्र ताणलेलं दिसत असेल तर वाइडस्क्रीन फिक्स हा पॅच पहिल्यांदा बसवा. त्याला गेमची १.३ ही आवृत्ती लागते. डॉक्युमेंट्समधली सेव्ह फाइल आधी दुसरीकडे ठेवा. आणि ‘गाडी’ म्हणून उतरवलेल्या फाइलमध्ये चालणारा प्रोग्राम निघाला तर अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या सूचना पाळू नका, फाइल काढून टाका.

चार जण जमले की

सुपरटक्सकार्टमध्ये एकाच पडद्याचे तुकडे करून अनेकांना खेळता येतं. एका कीबोर्डवर दोघांपेक्षा जास्त बसवू नका, बाकीच्यांना गेमपॅड द्या. वेगवेगळ्या लॅपटॉपवर खेळायचं असेल तर सगळे एकाच वायफायवर घ्या आणि एकाने गेममधून लॅन सर्व्हर (त्याच वायफायपुरता) सुरू करावा. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पण बदललेला ‘प्रयोग’ फोल्डर पेन ड्राइव्हने प्रत्येकाकडे जसाच्या तसा गेला पाहिजे. एकाचे आकडे वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे असले की गाड्या पडद्यावर उड्या मारायला लागतात. अनोळखी लोकांबरोबर इंटरनेटवर खेळताना मात्र बसवलेला मूळ गेम उघडायचा, प्रयोगवाला नाही.