थिसिस तपासायला टाकण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात एक सर लायब्ररीत आले. रावेरकडच्या केळी उत्पादकांवर त्यांची पीएच.डी. चालू आहे, शाळेतली नोकरी सांभाळून करतात. पहिल्या दोन प्रकरणांचा प्लेजरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा रिपोर्ट, ३८ टक्के आला होता. कोणीतरी सांगितलं, शब्द बदला, आकडा आपोआप उतरतो. म्हणून त्यांनी 'केळी उत्पादक शेतकरी' काढून सगळीकडे 'कदलीफळ पिकवणारे कृषिबंधू' घातलं होतं, आणि घडाला 'फलगुच्छ'. मी त्यांना ते पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. चौथ्या ओळीला ते थांबले. घरची केळी आहे त्यांची, लहानपणापासून बागेत पाणी धरलेला माणूस. म्हणाले, "मॅडम, हे मी लिहिलंय असं वाटतच नाही."

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून जे केलं, तेच इथं लिहिते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. हे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात.

आधी नियम नीट माहीत करून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले, ते देशभराला लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० मध्ये अडकलात तर एक वर्ष सुधारित प्रतच देता येत नाही. ६० च्या वर गेलात की नोंदणी रद्द. गाईडलाही यातून सुटका नाही. काम चोरीचं नाही असं प्रमाणपत्र त्यांना द्यावं लागतं, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रकाशित लेखनात ४० टक्क्यांच्या वर साम्य निघालं तर वेतनवाढ थांबते, नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

आता जो भाग बहुतेक जण वाचतच नाहीत तो. गोषवारा, गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हे सगळं तुमचं स्वतःचंच हवं, तिथं साम्य चालत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे तेवढे सोडून दिले जातात. म्हणजे एकूण आकडा ८ टक्के आला, पण ते ८ टक्के निष्कर्षात असले, तर सुटलो म्हणू नका. मी रिपोर्ट हातात आला की आधी शेवटचं प्रकरण उघडते, टक्केवारी नंतर बघते.

उलट, अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं हे मोजायचं नसतं. तपासायला टाकताना हे वगळलंय का ते विचारा. त्या सरांच्या ३८ मधला मोठा भाग नुसत्या संदर्भसूचीचा निघाला. त्यासाठी बिचारी केळी कदलीफळ झाली होती.

सॉफ्टवेअरसाठी पदरचे पैसे घालू नका. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं 'शोधशुद्धी' सुरू केली. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र ती चालवतं आणि विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवतं. सुरुवातीला उरकुंड होतं, नंतर ड्रिलबिट आलं. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत रिपोर्ट काढून देणारे भेटतात. तुमचं अप्रकाशित प्रकरण त्यांच्या हाती देऊ नका, ते पुढं कुठं जाईल याची खात्री नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे अजून पुष्कळ थिसिस जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतात. आपल्याला पडद्यावर 'शेतकरी' दिसतं, यंत्राला आतून इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मग रिपोर्ट येतो २ टक्के, आणि मुलं पेढे घेऊन येतात. तो रिपोर्ट काही कामाचा नाही. पदवी मिळाली की थिसिस 'शोधगंगा' या थिसिसच्या ऑनलाइन भांडारात जातो, कुणालाही उघडून वाचता येतो, आणि वाचणाऱ्या माणसाला फॉन्ट आडवा येत नाही. आधी युनिकोडमध्ये करून घ्या, जोडाक्षरं आणि रफार तपासा, मग टाका. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवून संदर्भ न देणं हीसुद्धा चोरीच. यंत्राला ती बहुधा सापडत नाही, म्हणून ती आपल्याकडे सर्वांत जास्त चालते. मला याचं फार वाईट वाटतं.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि तो लिहायला बसण्याच्या कितीतरी आधीचा आहे. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, लाल पेनानं. खाली लेखक, वर्ष, पान क्रमांक. पान क्रमांक तिथल्या तिथं लिहा, नंतर तो सापडत नाही. मग पुस्तक मिटा, बाजूला ठेवा. उजव्या पानावर निळ्या पेनानं लिहा: मला यातून काय कळलं, माझ्या गावात हे असंच दिसतं का? थिसिस लिहिताना उजवं पान उघडायचं. डाव्या पानावरचं काही घेतलंत तर लाल शाई सांगतेच की इथं संदर्भ हवा. त्या सरांच्या उजव्या पानावर पहिल्या दिवशी तीन ओळी आल्या. ऐन मे महिन्यात घड निसवतात तेव्हा विहिरीनं तळ गाठला, तर शेतकरी अर्धी बाग सोडून देतो आणि अर्धी जगवतो, असं काहीतरी. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अहिराणीवर काम करणाऱ्या मुलींना मी आणखी एक सांगते. कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी गोळा करता, तेव्हा सॉफ्टवेअर फारसं काही पकडणार नाही, कारण त्यातली बरीचशी छापलेलीच नसतात. पण गाणं म्हणणारी बाई आहे ना समोर! तिचं नाव, गाव, तारीख लिहा, तिला विचारून लिहा. एका मुलीला पारोळ्याकडच्या आजींनी गाणं संपल्यावर विचारलं होतं, "मन्हं नाव लिखशी ना माय?" त्या मुलीनं परिशिष्टात प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव दिलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते परिशिष्ट सर्वांत आधी उघडलं.

प्रकरणं एकेक करून तपासायला द्या. पाचही प्रकरणं जमा करण्याच्या आदल्या आठवड्यात आणलीत, तर मी रिपोर्ट काढून देईन, पण वाचायला वेळ तुमच्याकडे नसेल. येताना ती वही बरोबर आणा.