वाड्यामागचं कुळागर हाती घेताना

आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या आमच्या बागेच्या, पश्चिम कडेला अकरा पोफळी (सुपारीची झाडं) आहेत. अकराही जणींच्या खोडावर दुपारच्या उन्हाकडच्या अंगाला हातभर करपट पट्टा आहे आणि त्यात उभी भेग. ते माझं कर्तृत्व. 1982 साली लग्न होऊन गोव्यात, फोंड्याकडच्या सावईवेऱ्याला आले आणि दुसऱ्याच वर्षी, मामंजी मुंबईला गेले असताना, त्या कडेचा फणस आणि ओटंबाची दोन झाडं मी तोडायला लावली. जागा मोकळी होईल म्हणून! पुढच्या उन्हाळ्यात खोडं भाजली. मामंजी रागावले नाहीत. पाटाच्या कडेला बसून एवढंच म्हणाले, “पयलीं उदक पळय, मागीर सावळी, आनी मागीर झाड.” आधी पाणी बघ, मग सावली, आणि मग झाड.

आता फोंड्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं पुण्या-मुंबईहून परत येतात, बंद वाडा उघडतात आणि पहिल्याच शनिवारी गवत कापायचं यंत्र सुरू करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम मामंजींचाच ठेवते.

तेव्हा आधी पाणी. कुळागर डोंगराच्या घळीत असतं ते उगीच नाही. वर झर, झरीखाली तळी, तळीतून निघालेला पाट आणि पाटावर उतरत गेलेले टप्पे. झर कुठे आहे हे एप्रिल-मे महिन्यात शोधा. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी दिसतं, त्यावरून काही कळत नाही. पाट बुजलेला असेल तर तो खालून वर उपसत जा. वरून सुरुवात केली तर साचलेलं पाणी आणि गाळ तुमच्याच पायांत येतो. झरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका, मजूर कितीही आग्रह करो. चिऱ्यांच्या सांध्यांतूनच तर पाणी झिरपतं! आणि एक, पाट तुमच्या एकट्याचा आहे असं समजू नका. खालच्या कुळागरवाल्यांची पाण्याची पाळी कधी असते ते त्यांच्याकडे चहाला जाऊन विचारा. हे काम कागदपत्रं बघून होत नाही.

हाच पाट पावसात उलटं काम करतो: जादा पाणी बाहेर काढतो. पोफळीला पाणी लागतं, पण मुळांशी तुंबलेलं पाणी तिला अजिबात सोसत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की छत्री नि कुदळ घेऊन एक फेरी मारा. पाणी कुठे थांबतंय ते त्या एका तासात कळतं.

सावलीसाठी मी एक वर्ष मागते. पूर्ण एक वर्ष काहीही तोडू नका. मोठ्या झाडांची सावली दुपारी तीन वाजता कुठवर पडते ते डिसेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये पाहा, वहीत काढून ठेवा. पश्चिम आणि नैर्ऋत्य कडेचं जुनं झाड निरुपयोगी दिसलं तरी ते बहुधा कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. खिंडार पडलंच असेल तर तात्पुरती केळ लावा, शेजारी फणसाचं रोप घाला, आणि उघड्या पडलेल्या खोडांना पोफळीच्याच वाळक्या झावळ्या गुंडाळून बांधा. मी हे फार उशिरा केलं. शिवाय आता 1984 चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. माझ्यासारख्या उतावळ्या सुनांसाठी तो चांगलाच आहे.

आता झाडं. म्हाताऱ्या पोफळी एकदम काढून नव्यांची रांग लावायची नाही. जुन्यांच्या मधल्या सांदीत रोपं घालायची, ती फळायला लागली की मग जुनी काढायची. दोन झाडांत नऊ फूट अंतर हवं. रोपं बाहेरून आणण्याआधी स्वतःचं बी पाहा. वर्षानुवर्षं भरघोस घोस देणारी झाडं तुमच्या पाडेल्याला, म्हणजे झाडावर चढून सुपारी-नारळ उतरवणाऱ्याला, तोंडपाठ असतात. त्यांची पूर्ण पिकलेली सुपारी पाण्यात सोडा. जी देठाकडची टोपी वर करून उभी तरंगते ती बियाण्याला, आडवी पडते ती वाळवणात. रुजवतानाही देठ वर. वर्ष-दीड वर्षाचं, पाचेक पानांचं रोप जागेवर लावायचं, आणि मग पाच ते सात वर्षं वाट बघायची. खताचं फार सांगत नाही: दर झाडाला वर्षाला दहा-बारा किलो शेणखत आणि तेवढाच हिरवा पाला, बस.

मिरवेलीत, म्हणजे काळ्या मिरीच्या वेलीत, मात्र माझा जीव अडकतो. वेलीच्या बुडातून जमिनीवर धावणारे फुटवे निघतात, ते मातीत मुळं धरू नयेत म्हणून आधीच काठी रोवून तिला गुंडाळून ठेवायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापून दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे, पिशवीत सावलीला लावायचे. पावसाच्या तोंडावर पोफळीच्या उत्तर अंगाला, बुंध्यापासून फूटभर दूर, उंचवट्यावर लावायचे. दक्षिणेला लावलेली कोवळी वेल उन्हात होरपळते, खळग्यात लावलेली बुडाशी कुजून आठ-पंधरा दिवसांत पानं टाकते. घोसातला एखाद-दुसरा दाणा लाल झाला की घोस काढायचा. सगळे लाल होईपर्यंत थांबलात तर पक्ष्यांचं साधतं.

पोफळीचा खरा शत्रू कोळेरोग. आषाढात हिरवी सुपारी पाणावते, काळवंडते आणि पटापट गळते. त्याला जुना उपाय बोर्डो मिश्रण: पन्नास लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, दुसऱ्या पन्नास लिटरात एक किलो चुना. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, ढवळत ढवळत, उलटं नाही. भांडी प्लास्टिकची, लोखंडी किंवा जस्ताची चालत नाहीत. मग त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर घोस भाजतील. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून. सगळा घोस भिजायला हवा, आणि त्यासाठी वर चढणारा माणूस हवा. पाडेली आता सहजी मिळत नाहीत. मे महिना उजाडायच्या आत त्याला सांगून ठेवा आणि मजुरीत घासाघीस करू नका.

माडांबद्दल एकच. खताचा खड्डा माडांच्या जवळ करू नका. कुजलेल्या शेणखतात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि भुंगा वर जाऊन माडाचा कोंब पोखरतो. खड्डा उपसताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर कोंबड्यांना बोलवा.

माझ्या पुतण्याला ‘फक्त देशी झाडं’ हवी होती. त्याला म्हटलं, मग काजू काढ, अननस काढ, पपई, पेरू आणि देवळासमोरचा पांढरा चाफाही काढ. सगळे अमेरिकेकडून आलेले. 1563 साली गोव्यातच छापलेल्या, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात सुपारी आहे, नारळ आहे, मिरी आहे, काजूचा पत्ता नाही. पण सावईचा अननस पोफळींच्या सावलीत इतका सुखाने वाढतो की त्याला परका म्हणवत नाही. काढायचंच असेल तर रानमोडीचं तण काढ म्हटलं, तीही तिकडचीच आहे. ती फुलायच्या आत उपटायची.

वाड्याच्या पुढच्या अंगाला फार काही करू नका. तुळस मरते ती बहुधा वृंदावनातली माती दगडासारखी घट्ट झाल्याने; माती बदला, तळाशी पाणी जायला भोक आहे का बघा. अबोली पाटाजवळ, रोज हाताशी येईल अशी. सुरंगी लावायची असेल तर नातवंडांसाठी लावा. लॉन नको, तिथे सुपारी वाळते. आणि तिला चाळीस दिवसांचं ऊन लागतं.

राहिली माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायची चौकट. चवथीला गणपतीवर बांधायला सुपारीचा हिरवा घोस, नारळाची पेण (घोस), आंबाडे, तोरिंगण (पपनस) हे सगळं घरचंच निघावं असं प्रत्येक जुन्या वाड्याला वाटतं. आंबाडा आणि तोरिंगण एकेक पुरे, पण तोरिंगणाला काटे असतात, वाटेवर नको. केळीचा घड मात्र वेळ साधून आणावा लागतो. लागवडीपासून दहा-बारा महिने जातात, म्हणून मुनवे (केळीच्या बुडाचे फुटवे) आदल्या दसऱ्याच्या सुमाराला लावा. एक नाही, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन. एखादा घड आधी पिकतो, एखादा माकडं नेतात.