आठवी-नववीच्या मुलांना अभियांत्रिकीची गोडी लावणारी कार्यशाळा कशी घ्यावी

शाळेत जाऊन पडद्यावर यंत्रमानवाच्या चित्रफिती दाखवाव्यात, मोठ्या पगारांचे आकडे सांगावेत आणि शेवटी ‘इंजिनिअर कोण होणार?’ असे विचारून हात वर करायला लावावेत, हा सल्ला मला दरवर्षी मिळतो. तो मानू नये. हात सगळेच वर करतात, आणि महिनाभराने त्यांना काहीही आठवत नाही. पुण्यातील शाळांमध्ये मी अनेक वर्षे या कार्यशाळा घेत आले आहे आणि माझे ठाम मत आहे की मुलाने स्वतःच्या हाताने केलेली आणि आधी बिघडलेली एक वस्तू शंभर भाषणांहून अधिक काम करते. ती वस्तू म्हणजे सेलवर चालणारी साधी मोटर.

१५ सप्टेंबरला, म्हणजे थोर अभियंते विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, अभियंता दिन म्हणून शाळा दोनशे मुलांचे सभागृह देऊ करते. ते नम्रपणे नाकारावे आणि वेगळ्या दिवशी तीस मुलांचा एक वर्ग व दोन तास मागावेत. विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी पुण्यातच शिकले आणि त्यांनी आखलेले पाण्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसले, एवढे सुरुवातीला तीन मिनिटांत सांगितले तरी पुरते. मुलांनी ते धरण पाहिलेले असते.

साहित्य पुण्यातील विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. वाइंडिंगची तांब्याची तार मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडून वजनावर घ्यावी आणि चुंबकांसाठी रविवारी जुन्या बाजारात मोडके स्पीकर पाहावेत. प्रत्येक मुलाला एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, मीटरभर तार आणि पॉलिश पेपरचा तुकडा द्यावा. येथे काटकसर करून पाच जणांत एक संच देऊ नये. तसे केले की एक मुलगा तार धरतो, तिघे पाहतात आणि वही हमखास मुलीच्या हाती येते.

सेलभोवती तारेचे दहा-बारा वेढे घालून वेटोळे करणे, दोन्ही टोके समोरासमोर बाहेर काढणे आणि पिना सेलच्या दोन टोकांना चिकटपट्टीने बसवून सेलवर चुंबक ठेवणे मुलांना लगेच जमते. वेटोळ्याची टोके पिनांच्या छिद्रांत टेकतात.

खरी अडचण तारेवरच्या इनॅमलपाशी, म्हणजे वीज अडवणाऱ्या रोगणापाशी येते आणि तिथेच बहुतेक कार्यशाळा फसतात. एका टोकाचे इनॅमल पूर्ण खरवडायचे असते. दुसऱ्या टोकाचे मात्र, वेटोळे उभे धरून, फक्त वरच्या अर्ध्या बाजूचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे फिरण्याऐवजी नुसते डोलत राहते. एक बाजू झाकलेली असेल तर अर्धा फेरा प्रवाह ढकलतो आणि उरलेला अर्धा वेटोळे आपल्या वेगानेच पूर्ण करते. हे फळ्यावर कितीही नीट सांगितले तरी निम्म्याहून अधिक मोटरी पहिल्या खेपेस फिरत नाहीत, आणि तशा त्या न फिरणेच आवश्यक आहे.

माझ्या पहिल्या वर्षी एका शाळेत एका मुलीचे वेटोळे हलेना. वेळ संपत आली होती, म्हणून मी ते तिच्या हातातून घेतले, टोक पुन्हा खरवडले आणि फिरवून दाखवले. ती हसली, तिने टाळ्या वाजवल्या आणि नंतर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. अभिप्रायाच्या कागदावर तिने लिहिले होते, ‘मॅडमची मोटर छान फिरली.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यानंतर मी माझ्याबरोबर येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक नियम केला: मुलाच्या बाकापाशी उभे असताना हात पाठीमागे. वस्तू हातात घ्यायची नाही, ‘दे, मी करतो’ असे म्हणायचे नाही. हा नियम सर्वांत हुशार विद्यार्थीच सर्वांत आधी मोडतात, त्यामुळे त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे.

मग करायचे काय? प्रथम मुलाला विचारावे, ‘प्रवाह कुठून निघून कुठे जातो ते बोटाने दाखव.’ बोट पिनेपाशी आले की बहुतेकांना खरवडायचे राहिलेले टोक आपणच सापडते. तरीही उमगले नाही तर दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे असा संच द्यावा आणि तो बल्ब वेटोळ्याच्या मार्गात जोडून वेटोळे हाताने हळूहळू फिरवायला सांगावे. टोक बरोबर खरवडलेले असेल तर बल्ब अर्धा फेरा लागतो आणि अर्धा फेरा विझतो. लागतच नसेल किंवा विझतच नसेल, तर चूक कोणती हे मूल स्वतः सांगते. शेजारच्या मुलाने मदत केली तर करू द्यावी, मोठ्यांनी करू नये. या टप्प्याला किमान वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि वर्गातली शांतता सहन करावी. शिक्षकांना ती फार खुपते, म्हणून त्यांना आधीच विश्वासात घ्यावे.

मोटरी फिरू लागल्या की एक जुना मिक्सर उघडून तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकून प्रवाह पोचवणारे कार्बनचे तुकडे दाखवावेत. मुलांनी अर्धे इनॅमल ठेवून जे साधले, तेच काम येथे त्या पट्ट्या करतात. छताचा पंखा या कामासाठी उघडू नये, त्यात कम्युटेटर नसतो.

प्रवेशाची माहिती शेवटची दहा मिनिटे, शक्यतो पालकांसमक्ष द्यावी. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे अनेक घरांत अजूनही ठाऊक नसते. बारावीनंतर राज्यातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मोटर घरी न्यायला द्यावी, मात्र वेटोळे अडकलेल्या अवस्थेत जोडून ठेवल्यास सेल तापतो, हे बजावून सांगावे. आठवड्याने तासाभरासाठी त्याच वर्गात पुन्हा जावे. त्या वेळी नवे सेल बरोबर न्यावेत, कारण पहिले जवळजवळ सगळे संपलेले असतात.