उंची वाढवलेल्या जीपचे पॉवर स्टेअरिंग जड झाल्यास तपासणी कशी करावी

जुन्या जीपची उंची वाढवून तिला रुंद टायर बसवले आणि स्टेअरिंग जड लागू लागले, की पहिला आळ स्टेअरिंगला ऑइलचा दाब पुरवणाऱ्या पंपावर येतो. नवा पंप बसवूनही स्टेअरिंग तसेच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून पंप उतरवण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना उटी लावावी, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. दर अर्ध्या फेऱ्याला ते अडखळत असेल, तर दोष बहुधा स्टेअरिंग शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यात असतो. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घालून उंची वाढवली असल्यास शाफ्टचा कोन बदलतो आणि चांगला क्रॉसही आवळल्यासारखा चालतो. स्टेअरिंग सर्वत्र सारखेच जड असेल, तर पिटमन आर्मपासून (स्टेअरिंग बॉक्समधून, म्हणजे स्टेअरिंगच्या गिअरपेटीतून, निघणारा आडवा हात) ड्रॅग लिंक (तेथून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून चाके हाताने वळवून पाहावीत. ती हातानेही जड वळत असतील, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यांवर वळते ते सांधे, कोरडे पडले आहेत, आणि त्यावर पंप हा उपाय नव्हे. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नसल्यास कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) मोजून घ्यावा, कारण उंची वाढवताना तो अनेकदा कमी होतो.

येथवर दोष सापडला नाही, तरच पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलकडे वळावे. त्याच्या टाकीच्या झाकणावर जे ऑइल सांगितले असेल तेच वापरावे. थोडे ऑइल बोटांवर चोळून पाहावे: करपल्याचा वास आला तर ते तापलेले आहे, कणकण लागले तर आतले भाग झिजत आहेत, आणि टाकीत ताकासारखा फेस दिसला तर हवा शिरली आहे. ही हवा पुष्कळदा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या सैल क्लिपमधून आत ओढली जाते. तेथे बाहेर थेंबही दिसत नाही, त्यामुळे ती जागा हमखास नजरेतून सुटते. क्लिप आवळून, टाकी भरून, इंजिन बंद असतानाच स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि पातळी उतरेल तसे ऑइल घालत राहावे. त्यानंतर इंजिन सुरू करून तेच करावे, मात्र टोकाला स्टेअरिंग 5 सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये. इंजिन सुरू असताना गळती हाताने चाचपू नये. दाबाच्या नळीतील बारीक धार कातडी भेदून आत जाऊ शकते.

गाडी जागीच वळवताना चिरका आवाज येत असेल, तर पंप फिरवणारा पट्टा सैल आहे किंवा त्यावर ऑइल सांडले आहे. दुसऱ्या गाडीचा पंप बसवला असेल, तर त्याचा प्रवाह आपल्या स्टेअरिंग बॉक्सला जुळतो का, हे पाहणे भाग आहे. प्रवाह कमी पडल्यास स्टेअरिंग झटकन फिरवताना मध्येच दगडासारखे होते.

हवा काढल्यावर गाडी थोडी चालवून आणावी, इंजिन बंद करून ऑइल निवू द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. ती उतरली असेल, तर नळ्यांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून त्यावर कोठे ओल उमटते ते शोधावे.