दोन प्रदेशांचा वसंत आणि तिथली तापमानवाढ: तुलना कशी करावी

२०१२ चा मार्च अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १८९५ पासूनच्या तोपर्यंतच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटन गारठले, इतके की पन्नासहून अधिक वर्षांत तिथे तसा थंड मार्च आला नव्हता. त्याच महिन्यात ग्रीनलँडच्या परिसरातली हवा मात्र नेहमीपेक्षा बरीच उबदार होती. अशा बातम्या शेजारी शेजारी वाचल्या की गोंधळ उडतो. कुठला प्रदेश तापतो आहे, कुठे नुसती एका वर्षाची लहर होती, आणि कोणाची वाढ खरोखर मोठी म्हणायची?

याचे उत्तर घरच्या संगणकावर, एका साध्या तक्त्यात काढता येते. लागणारी माहिती मोफत आहे आणि गणित शाळेतले आहे. पाळायचा नियम एकच: प्रत्येक जागेची तुलना आधी तिच्या स्वतःच्या भूतकाळाशी करा, आणि मगच त्या बदलांची एकमेकांशी. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

आधी वसंत ठरवा

हवामानशास्त्रात उत्तर गोलार्धाचा वसंत म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे. दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर. खगोलशास्त्रीय वसंत २० मार्चच्या आसपास, विषुवदिनापासून सुरू होतो. पण मासिक नोंदी वापरायच्या असतील तर पूर्ण महिने घेणेच सोयीचे.

हे तीन महिने सगळीकडे एकच ऋतू नसतात. सायबेरियात मार्च हा हिवाळाच असतो. भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या काळाला मान्सूनपूर्व ऋतू मानतो, आणि मध्य भारतात तो उन्हाळाच असतो. विषुववृत्ताजवळ तर चार ऋतूंची ही विभागणी फारशी लागूच पडत नाही. म्हणून तुलना महिन्यांची करायची आहे की निसर्गातल्या टप्प्याची, हे पहिल्यांदा कागदावर लिहा. महिन्यांची असेल तर सगळीकडे तेच तीन महिने घ्या. टप्प्याची असेल, म्हणजे शेवटची शून्याखालची रात्र कधी, पहिली पालवी कधी, तर प्रत्येक ठिकाणची तारीख वेगळी येणार आणि तुलना तारखांच्या सरकण्याची होणार. दोन्ही पद्धती योग्य आहेत, फक्त त्यांची सरमिसळ करू नका.

तीन महिन्यांची एकत्र सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक महिना वेगळाही पाहा. बर्फाळ प्रदेशात हे फारच महत्त्वाचे आहे. जमिनीवर बर्फ वितळत असतो तोवर उन्हाची बरीचशी ऊर्जा त्या वितळण्यात खर्च होते आणि हवेचे तापमान शून्याच्या आसपास रेंगाळते. बर्फ संपला की ते झपाट्याने चढते. ताजा बर्फ सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश परतवतो. ओली काळी माती त्यातला बहुतेक शोषून घेते. बर्फ दोन आठवडे आधी गेला तर एखाद्या महिन्याचे तापमान एकदम उडी मारते आणि बाकीचे दोन महिने जवळपास जागच्या जागी राहतात. नुसत्या सरासरीत ही गोष्ट दिसत नाही.

नोंदी कुठून घ्यायच्या

सुरुवात नासाच्या गोडार्ड संस्थेच्या संकेतस्थळावरील नकाशापासून करा. तिथे 'मार्च-एप्रिल-मे' हा कालखंड निवडता येतो, पायाभूत वर्षे (ज्यांच्या सरासरीशी तुलना करायची ती) ठरवता येतात, आणि एका वर्षाचा फरक पाहायचा की अनेक वर्षांचा कल, हेही निवडता येते. काही मिनिटांत जगाचे चित्र समोर येते. एक काळजी घ्या: त्या नकाशात २५० किंवा १२०० किलोमीटर अशी त्रिज्या निवडायची असते. १२०० निवडली की नकाशा भरगच्च दिसतो, पण जिथे हवामान केंद्रे विरळ आहेत तिथला रंग दूरच्या केंद्रांवरून भरलेला असतो. २५० निवडून तोच नकाशा पुन्हा पाहा. जिथे राखाडी रंग उरला, तिथल्याबद्दल ठाम बोलू नका.

यानंतर आकडे हवेत. बर्कले अर्थ ही संस्था देशवार मासिक मालिका देते. अमेरिकेच्या नोआ या संस्थेकडे जगभरच्या केंद्रांच्या मासिक नोंदी मिळतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेची 'ईआरए-५' ही मालिका १९४० पासून, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीवर, संपूर्ण पृथ्वीची आहे. ती थेट मोजणी नव्हे. निरीक्षणे आणि हवामानाचे गणिती प्रारूप एकत्र करून ती बनवलेली आहे. तुलनेसाठी ती उत्तम आहे, पण दोन्ही प्रदेशांची माहिती एकाच मालिकेतून घ्या. एकाची केंद्रावरची नोंद आणि दुसऱ्याची जाळीवरची, असे केलेत तर प्रदेशांमधला फरक मोजताय की मोजणीच्या पद्धतींमधला, हे कळणार नाही.

केंद्राच्या कच्च्या नोंदी घेत असाल तर त्या केंद्राचा इतिहास वाचा. केंद्र गावातून विमानतळावर हलले का? आजूबाजूला वस्ती वाढली का? अमेरिकेत एकेकाळी बरेच स्वयंसेवक संध्याकाळी तापमापक वाचत, पुढे ते सकाळी वाचू लागले. केवळ या बदलामुळे नोंदींत खोटी घट शिरली होती. संस्था अशा गोष्टींसाठी आकड्यांत दुरुस्त्या करतात. या दुरुस्त्यांवर अनेकदा संशय घेतला जातो, तो मला अनाठायी वाटतो. त्या का केल्या आणि कशा केल्या हे खुलेपणाने प्रसिद्ध असते. तुलनेसाठी दुरुस्त मालिकाच घ्यावी.

अंश नव्हे, फरक मोजा

डोंगरावरचे केंद्र खालच्या केंद्राहून थंडच असणार. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. किनारा आणि आतला प्रदेश यांचेही तसेच. समुद्र सावकाश तापतो, म्हणून किनाऱ्यावरचा वसंत थंड आणि रेंगाळलेला असतो. हे भेद कायमचे आहेत, त्यांचा तापमानवाढीशी संबंध नाही. ते बाजूला सारायला प्रत्येक जागेची सरासरी काढा आणि दर वर्षाच्या आकड्यातून ती वजा करा. उरतो तो त्या वर्षाचा फरक.

सरासरी तीस वर्षांची घेतात. जागतिक हवामान संघटनेची सध्याची प्रमाण तिशी १९९१ ते २०२० आहे. पण सगळ्या संस्था तीच वापरत नाहीत: नासा १९५१ ते १९८० घेते, ब्रिटनची हॅडक्रट मालिका १९६१ ते १९९० घेते, आणि औद्योगिकपूर्व काळाशी तुलना करताना १८५० ते १९०० घेतात. त्यामुळे '०.६ अंशांनी जास्त' आणि '१.२ अंशांनी जास्त' ही दोन विधाने एकाच वसंताबद्दल असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात. वाचलेल्या प्रत्येक आकड्यामागे त्याची तिशी शोधा, आणि स्वतःच्या तक्त्यात सर्व प्रदेशांना एकच तिशी लावा.

कल काढा, पण तो कशाशी ताडायचा?

तक्त्यात एका रकान्यात वर्षे, शेजारी वसंताचा फरक. एक्सेल किंवा गुगल शीट्समधले 'स्लोप' हे सूत्र दोन्ही रकान्यांना लावा. उत्तर अंश दरवर्षी असे येते. दहाने गुणले की दशकामागचा कल मिळतो. किमान तीस वर्षे घ्या, जमल्यास पन्नास, आणि सर्व प्रदेशांसाठी सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष तेच ठेवा.

टोकाची वर्षे कोणती आहेत, तेही तपासा. एल निनो, म्हणजे पॅसिफिक महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याची घटना, सहसा वर्षाच्या अखेरीस शिखरावर असतो आणि जगाच्या तापमानावर त्याचा परिणाम काही महिन्यांनी पुरता दिसतो, म्हणजे पुढच्या वसंतात. १९९८, २०१६ आणि २०२४ चे वसंत असेच वर चढलेले आहेत. मालिका १९९८ ला सुरू केली तर कल कमी भासतो, २०१६ ला थांबवली तर जास्त. सुरुवात आणि शेवट तीन-चार वर्षे पुढेमागे करून कल पुन्हा काढा. तो फारसा बदलला नाही तरच त्यावर विश्वास ठेवा.

बहुतेक जण इथे थांबतात. माझ्या मते खरी तुलना इथून पुढे सुरू होते.

समजा, उत्तरेकडच्या एका प्रदेशात वसंताचा कल दशकाला ०.५ अंश आहे आणि उष्ण कटिबंधातल्या दुसऱ्या प्रदेशात ०.२. पन्नास वर्षांत पहिला २.५ अंशांनी तापला, दुसरा १ अंशाने. पहिल्याची वाढ अडीचपट, असे कुणीही म्हणेल. आता कलरेषेभोवती, म्हणजे हा कल दाखवणाऱ्या सरळ रेषेभोवती, दर वर्षीचे आकडे किती वरखाली होतात ते मोजा. एक्सेलमध्ये यासाठी 'एस-टी-ई-वाय-एक्स' हे सूत्र आहे. उत्तरेकडे ही चढउतार २.५ अंशांची निघाली, उष्ण कटिबंधात ०.४ ची. एकूण वाढीला या चढउताराने भागा. पहिल्याचे उत्तर १, दुसऱ्याचे २.५. म्हणजे उत्तरेकडच्या लोकांना आजचा सरासरी वसंत पूर्वीच्या एखाद्या उबदार वर्षासारखा वाटेल. उष्ण कटिबंधातल्यांचा आजचा साधारण वसंत मात्र पूर्वीच्या पिढीने क्वचितच पाहिला असेल.

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण घडते ते असेच. ध्रुवाकडे वाढ अंशांत मोठी असते आणि चढउतारही मोठे असतात. उष्ण कटिबंधात वाढ लहान असते, पण चढउतार त्याहून लहान, म्हणून बदल तिथे लवकर उठून दिसतो. तिथली पिके, प्राणी आणि माणसे अरुंद पट्ट्यातल्या तापमानाला सरावलेली असतात. नकाशावर त्या भागात फिका रंग दिसला म्हणून त्यांना कमी झळ लागते असे समजणे अन्यायाचे आहे. म्हणून निष्कर्षात दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या: अंशांतली वाढ, आणि नेहमीच्या चढउताराच्या तुलनेत ती किती पट आहे ते.

मोठ्या प्रदेशाची सरासरी स्वतः काढत असाल तर एक हिशेब विसरू नका. ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्यापेक्षा निम्माच रुंद असतो. जाळीतल्या चौकटींना अक्षांशाच्या कोसाइनने गुणले नाही तर उत्तरेकडची वाढ गरजेपेक्षा जास्त मोजली जाते.

फरक का पडला ते शोधा

आकडे हाती आल्यावर त्यांना कारणांशी जोडून पाहा. जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते: २०११ ते २०२० या दशकात, १८५० ते १९०० च्या तुलनेत, जमीन सुमारे १.५९ अंशांनी तापली होती आणि समुद्र ०.८८ अंशांनी. आर्क्टिक १९७९ नंतर जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, पण हा आकडा वर्षभराचा आहे. तिथली वाढ शरद आणि हिवाळ्यात सर्वाधिक असते. वसंताला तो जशाचा तसा लावू नका.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. ग्रीनलँडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक पट्टा शतकभरात थंड झाला आहे आणि अनेक संशोधक त्याचा संबंध मंदावणाऱ्या सागरी अभिसरणाशी, म्हणजे मोठ्या सागरी प्रवाहांच्या फिरण्याशी, लावतात. उत्तर भारताच्या मैदानात हवेतले सूक्ष्म कण आणि विस्तीर्ण सिंचन यांमुळे वाढ काही प्रमाणात दबलेली आहे. तरीही २०२२ च्या मार्चमध्ये भारताचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या तोपर्यंतच्या सर्व मार्च महिन्यांपेक्षा अधिक होते. कल दबलेला असला तरी टोकाचे महिने येतात, म्हणून कमाल आणि किमान तापमानाचे कल वेगवेगळे काढा. काही ठिकाणी दिवस फारसे तापलेले नसतात, रात्री तापलेल्या असतात.

तापमापकाबाहेरचे पुरावे

जपानमधील क्योतो शहरात चेरी फुलण्याच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या कागदपत्रांतून जुळवता आल्या आहेत. २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चला शिगेला पोहोचला, तोवरच्या सुमारे १२०० वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर. अलास्कात नेनाना गावाजवळ तनाना नदीवरचा बर्फ कधी फुटेल यावर १९१७ पासून पैज लागते, म्हणून तारीख बारकाईने टिपली जाते. २०१९ मध्ये तो १४ एप्रिललाच फुटला, तोवरच्या नोंदींत सर्वांत आधी. अशा तारखांना वर्षातल्या दिवसाचा क्रमांक द्या, म्हणजे त्यांनाही 'स्लोप' लावता येते.

फुलांच्या तारखा वाचताना मात्र जपून. क्योतोच्या बहरात शहराच्या वाढीमुळे आलेल्या उष्णतेचाही वाटा आहे. शिवाय अनेक झाडांना फुलण्यापूर्वी पुरेशी थंडी लागते. हिवाळा फार सौम्य झाला तर बहर उलट लांबतो.

वसंत लवकर आला म्हणजे तो सुरक्षित झाला असेही नाही. २०१२ च्या त्या उष्ण मार्चमध्ये मिशिगनची चेरीची झाडे वेळेआधी फुलली, एप्रिलमध्ये पारा पुन्हा शून्याखाली गेला आणि आंबट चेरीचे सुमारे ९० टक्के पीक गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवरही असेच संकट आले. म्हणून तक्त्यात दोन रकाने वाढवा: पालवीची किंवा बहराची तारीख, आणि शेवटच्या शून्याखालच्या रात्रीची तारीख. दोन्ही तारखा आधीकडे सरकत असतील पण बहराची अधिक वेगाने, तर तापमान वाढूनही थंडीच्या माऱ्याचा धोका वाढतो. शेतकऱ्याला सरासरीपेक्षा या दोन तारखांमधले अंतर अधिक उपयोगी पडते.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक विधानात पाच गोष्टी असू द्या: कोणते महिने, कोणती वर्षे, कोणती तिशी, कोणती मालिका, आणि कमाल, किमान की सरासरी तापमान. 'या प्रदेशाचा वसंत फार तापला' हे वाक्य कुणालाच तपासता येत नाही. '१९७५ ते २०२४ या काळात मार्च ते मे महिन्यांचे सरासरी तापमान, ईआरए-५ नुसार, दशकाला इतक्या अंशांनी वाढले आणि एकूण वाढ नेहमीच्या चढउताराच्या इतकी पट आहे' हे वाक्य कुणीही पडताळू शकतो.

तक्ता जपून ठेवा आणि दर जूनमध्ये एक ओळ वाढवा. तीस वर्षांची सरासरी प्रत्येक दशकानंतर बदलते. २०३० संपल्यावर २००१ ते २०३० ही नवी तिशी प्रचलित होईल आणि ती स्वतःच जास्त उबदार असल्याने प्रत्येक वर्षाचा फरक लहान दिसू लागेल. तुमच्या तक्त्यातली जुनी तिशी बदलू नका. नवी हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा रकाना करा.